गाडी चालवणारा माणूस

डब्लिन,
ऑक्टोबर २०२१

प्रिय शैलेंद्रदादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही, माहीत नाही. पत्ता तुझ्या बहिणीकडून, निशिगंधाकडून घेतला. तिने फोन नंबरही दिला होता, पण तुझा आवाज ऐकून मला बोलता आलं असतं याची खात्री नव्हती. म्हणून हे पत्र.

मी इथे शांतता आणि संघर्ष या विषयात एम.फिल. करतेय. इथल्या ब्युमॉन्ट भागात एका मराठी डॉक्टरबाईंच्या घरी खोली घेतली आहे. त्या दिवसभर हॉस्पिटलात आणि मी लॅपटॉपसमोर, असंच वर्ष गेलं. आमच्या वर्गाची अभ्याससहल खरं तर जेरुसलेम आणि रामल्लाला जायची होती. इतकं सगळं झाल्यावर इस्रायली आणि पॅलेस्टिनी माणसं समोरासमोर बसून बोलतात तरी कशी, ते तिथे जाऊन ऐकायचं होतं. कोरोनामुळे ती दोनदा रद्द झाली. शेवटी आमच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, तिकडे नाही तर नाही, बेलफास्टला जाऊ. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला रक्तपात थांबवणारा करार होऊन वीस-बावीस वर्षं झाली आहेत; सही झाल्यावर माणसांचं काय होतं, ते तरी बघा.

वर्गात अश्कलोनची नोआ आहे आणि रामल्लाचा सामेर. आधी दोघांचं छान जमायचं. ऑनलाइन तासाला एकमेकांच्या वाक्यावर हसायचे. मे महिन्यात तिकडे लढाई पेटली. नोआची आई रात्र रात्र बंकरमध्ये बसून होती. गाझात सामेरच्या आत्याचं घर कोसळलं. आत्या वाचली, तिचा मुलगा वाचला नाही. त्यानंतर दोघांचे कॅमेरे बंद झाले आणि बोलणंही. बेलफास्टच्या बसमध्ये नोआ सगळ्यात पुढे बसली, सामेर सगळ्यात मागे. आम्ही बाकीचे मधे, उगाच हवेबद्दल बोलत.

तिथे आम्ही दोन वस्त्यांमधली उंच भिंत पाहिली, संध्याकाळी बंद होणारं फाटक पाहिलं, फोटो काढले. मग एका सामाजिक केंद्रात आम्हाला दोन माणसांसमोर बसवलं. बर्नडेट, सत्तरीच्या, आणि त्यांच्याच वयाचा ट्रेव्हर. तो म्हणाला, हिच्या भावाला लागलेली गोळी मी झाडली नाही, पण झाडणारे ज्या गाडीतून आले ती मी चालवत होतो. दादा, मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

सामेर ताडकन उठला. तुम्ही याच्या शेजारी बसू कशा शकता, असं त्याने बर्नडेटना विचारलं. माफ केलंत का याला? त्या म्हणाल्या, नाही रे बाळा, माफबिफ काही केलेलं नाही. पण माझा भाऊ त्या वेळी घाबरला होता का, हे सांगू शकणारा हा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता. तीस वर्षं मी विचारलं नाही. विचारलं तेव्हा कळलं, तो दुकानाचं शटर ओढत होता आणि शिट्टी वाजवत होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. तीस वर्षं मी त्याला मनात घाबरलेलाच बघत आले होते.

ट्रेव्हर खाली बघत बसला होता.

परतताना बस एका पेट्रोल पंपावर थांबली. सामेर नोआजवळ गेला आणि त्याने विचारलं, आई कशी आहे? तिने सांगितलं आणि त्याच्या आत्याबद्दल विचारलं. मग तो बराच वेळ बोलत होता. तिने त्याला समजावलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही, नुसतं ऐकलं. बस सुटल्यावर त्यांचं पुन्हा कडाक्याचं भांडण झालं, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं. पण या वेळी ते एकाच सीटवर बसून भांडत होते.

मी खिडकीबाहेर बघत तुझा विचार करत होते. सात वर्षांत आमच्या घरात तुझं नाव कोणी घेतलं नाही. सिद्धांतदादाच्या तेराव्याला तू, त्याचा जिवलग मित्र, कुबड्या घेऊन दारात आलास आणि बाबांनी दार लावून घेतलं. मी आतच उभी होते. बाईक तू चालवत होतास आणि ती वेगात होती, हे तू पोलिसांना स्वतःहून सांगितलं होतंस, तेही मला माहीत होतं. तरी मला बाबांचं बरोबर वाटलं. आजही ते पूर्ण चूक वाटत नाही. पण गेल्या महिन्यात लसीच्या रांगेत तू उठून आईला खुर्ची दिलीस. ती बसली. फोनवर मला एवढंच म्हणाली, त्याचे केस पिकलेत गं सगळे.

मी डिसेंबरमध्ये पुण्याला येतेय. आईशी बोलले आहे. ती म्हणाली, ये म्हणावं, आणि बाबा जागे असतील तेव्हाच ये म्हणावं. ते खोलीतून बाहेर येतील की नाही, सांगता येत नाही. तुला माफ केलं असं लिहायला मी दोन-तीनदा बसले. खोटं वाटलं, म्हणून लिहीत नाही. पण त्या दिवशी मुळशीहून निघताना सिद्धांतदादा काय बोलत होता, तुम्ही काय खाल्लं होतं, तो कशावर हसला होता, यातलं काहीच आम्हाला माहीत नाही. आमच्याकडे त्याचा तो दिवस हॉस्पिटलच्या फोनपासून सुरू होतो. त्याआधीचा सगळा तुझ्याकडे आहे. तो आम्हाला सांगायला ये.

तुझी,
कौमुदी