एंजलच्या टाकीत निऑन

प्रिय केतकी,

सकाळपासून घरात नुसत्या येरझारा चालल्या आहेत. भांड्यांचं खोकं बांधलं, सोडलं, परत बांधलं. रविवारी तुम्ही दोघं मला सिल्वासातून कायमची पुण्याला न्यायला येणार, आणि मी मात्र तू लग्नानंतर इथे ठेवून गेलेल्या माशांपुढे उभी. हेडमास्तरांना कधी न घाबरलेल्या तुझ्या आईला बोटभरही नसलेल्या निऑन टेट्रांनी हैराण केलं आहे. हस खुशाल.

तू म्हणालीस, आमच्या मोठ्या टाकीत सोडू, सासूबाईंच्या एंजल माशांबरोबर राहतील. मला पटेना. वर्गात नवी मुलगी आली की तिला कुणाशेजारी बसवायचं, हे मी आधी ठरवायची. ती खोड जात नाही. म्हणून नरोली रस्त्यावर ललितच्या दुकानात गेले. माझाच गुजराती विद्यार्थी, मराठीत कच्चा होता, अजून आहे. म्हणाला, टीचर, एंजल तो एकदम शांत छे, काय नाय करत. तरी त्याच्याकडून एक वाढलेला एंजल मागून आणला, पाहुणा म्हणून. पुण्याला जाऊन पस्तावण्यापेक्षा इथेच काय ते बघू म्हटलं.

पहिला दिवस बरा गेला. एंजल देखणा, फिरायचाही अगदी संथ. पण निऑन सगळे फिल्टरमागे दाटीवाटीने जाऊन बसले, खायलासुद्धा पुढे येईनात, आणि त्यांची ती निळी रेघ फिकी पडली. दुसऱ्या सकाळी एक कमी भरला. मी एंजलवर खूप चिडले. मग वाटलं, त्याला काय बोलायचं? त्याच्या मनात वाईट काही नसतं, तोंडात मावतं ते तो खातो. दुधनीहून मासळी घेऊन येणाऱ्या पुतळाबाईंना हे सांगितलं, तर पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. एंजल परत केला. बदल्यात तळाशी निवांत फिरणारे कॉरी मासे आणले आणि आणखी निऑन आणले, कारण हा मासा एकटादुकटा राहतच नाही, त्याला आपल्यासारखे भरपूर लागतात. हळूहळू रंग परत आला. मला वाटलं, आता जिवाला स्वस्थता मिळेल. उलट हुरहूर वाढली.

कारण दिवाळीत तुमच्याकडे राहिले होते ते सारखं डोळ्यांपुढे येतं. विहीणबाईंनी माझं सगळं मनापासून केलं, आवाज तर त्या कधीच चढवत नाहीत. पण पंखा लावायचा तरी तू आधी त्यांच्याकडे बघायचीस. गाण्याचा रियाज बंद केलास. का विचारलं, तर म्हणालीस, त्यांची दुपारची झोप मोडते. संध्याकाळी का नाही करत, हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. डब्यात भाजी नावडती निघाली की घरी येऊन मला जाब विचारणारी माझी मुलगी सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसली आणि उरलेलं निमूट खाऊन उठली. मी तेव्हा गप्प राहिले. नवीन घर आहे, रुळेल, अशी स्वतःची समजूत घातली.

फोनवर हे बोलता येत नाही, तुझा फोन हल्ली स्पीकरवर असतो. म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. आई, तू तिथे एकटी पडलीस, इकडे ये, असा धोशा लावला आहेस. पण बाळा, मी इथे एकटी नाही. सोबत तुला हवी आहे. मी आले तर त्या घरात गप्प बसणाऱ्या दोघी होतील, एवढंच. तेव्हा मी येत नाही. रोहन समजूतदार जावई आहे, त्याच्याशी मी बोलेन. माझ्या सामानासाठी सांगितलेला टेम्पो मात्र रद्द करू नकोस. येताना तुझं सामान भरून आण.

वाट बघणारी, तुझीच
आई