पुढचा हॉल कोणी दिला

मी, कनका, कै. सेतुमाधवराव यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार मैलापूर, चेन्नई, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय करावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉ. सहाना यांनी तपासून लिहून दिले आहे. मी त्यांना म्हटले, "शाबूत आहे, पण गोंधळलेली आहे." त्या म्हणाल्या, "मामी, गोंधळ कायद्याला चालतो."

आम्ही तंजावरकडचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. वकील हरिणी हिने याची इंग्रजी प्रत केली आहे, पण अर्थाचा वाद झाल्यास हीच प्रत खरी धरावी. माझ्या इच्छेची अंमलबजावणीही हरिणीनेच करावी.

१. मैलापूरचे राहते घर माझ्या वडिलांनी बक्षीसपत्राने मला दिलेले असून ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. घराचा वरचा मजला, मागची बाजू व अंगण माझी एकुलती मुलगी श्रीविद्या हिला मिळावे. बँकेतील ठेवी व दागिनेही तिचेच.

२. माझी जांभळी कांजीवरम् धाकट्या जावेला, श्रीरंजनीला द्यावी. माझ्या डांगरपच्चडीला, म्हणजे उडीदपिठाच्या दह्यातल्या कालवणाला, तिने चार पाहुण्यांत "पातळ" म्हटले होते, ते मी विसरलेले नाही. साडी तिला शोभेल म्हणून देते, माफ केले म्हणून नव्हे.

३. आता पुढच्या हॉलबद्दल. हे कलम लांबणार आहे.

रस्त्याकडच्या या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या भागातल्या सेवा क्लबची सभा भरते. नेत्रशिबिर, रक्तदान, शाळेच्या मुलांना चष्मे, आणि त्या सगळ्यासाठी वर्षातून एकदा तिकिटे लावून मोठे जेवण, असा हा क्लब. तो आमच्या ह्यांनी उभा केला. बरीच वर्षे तेच अध्यक्ष होते.

उमाकांत हे गृहस्थ नोकरीनिमित्त पुण्याहून चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यात आले आणि क्लबात शिरले. पहिल्याच सभेनंतर हे त्यांना म्हणाले, "चला, आतां घराला जाऊं." उमाकांत मोठ्याने हसले. "घराला नाही हो, घरी!" त्या दिवसापासून हे त्यांच्याशी मराठीत बोलेनासे झाले. इंग्रजीत बोलत, फार राग आला तर तमिळमध्ये. पुढे उमाकांत निवडणुकीत उभे राहिले आणि अध्यक्ष झाले. आमचे हे अभिनंदन न करता घरात निघून आले. घर म्हणजे भिंतीपलीकडेच, त्यामुळे टाळ्या ऐकू येत होत्या.

मग ह्यांना विस्मरण लागले. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसे. एका शनिवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये गेले आणि अध्यक्षाच्या खुर्चीत जाऊन बसले. मी कॉफीचा ट्रे घेऊन दारातच थबकले. उमाकांत उभे होते. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिले, समोरची घंटा ह्यांच्या हाताजवळ सरकवली आणि म्हणाले, "अध्यक्षमहाराज, सभा सुरू करायची का?" ह्यांनी घंटा वाजवली.

पुढे दर सभेला हेच चालले. हे खुर्चीत, उमाकांत बाजूच्या स्टुलावर. हे उमाकांतांशी मराठीत बोलू लागले, खांद्यावर हात ठेवून, जुना दोस्त असल्यासारखे. उमाकांतांनी एकही शब्द दुरुस्त केला नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या श्रीविद्याने एका शनिवारी घरी येऊन हे पाहिले आणि ती संतापली. "अम्मा, हे लोक अप्पांचा खेळ करताहेत. हरलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं आणि मागून हसायचं." मागून कोणी हसताना मी पाहिले नव्हते. पण हसत नसतील असेही मला छातीठोक सांगता येईना. ह्यांना घरी ठेवावे तर हे दाराला धडका देत, जाऊ द्यावे तर मुलगी बोलेना.

ह्यांच्या शेवटच्या वर्षी वार्षिक जेवणाला मंडप भरला होता. देणगीदारांची नावे वाचून झाली आणि ह्यांनी माइक घेतला. स्वच्छ आवाजात म्हणाले, "आमच्या घराचा पुढचा हॉल मी आज क्लबाला दिला." लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी अंड्यातून, म्हणजे त्या मोठ्या पातेल्यातून, सांबार वाढत होते. पळी हातातच राहिली. घर माझे! श्रीविद्या माझ्याकडे बघत होती.

उमाकांतांनी माइक हातात घेतला. "टाळ्या थांबवा," ते म्हणाले. "ही देणगी क्लब घेणार नाही. नोंदही करणार नाही." टाळ्या विरल्या. ह्यांचा चेहरा पडला, लहान मुलाचा पडतो तसा.

दुसऱ्या दिवशी मी विचारले, "हॉल का दिला?" हे म्हणाले, "कोणचा हॉल गे?" संध्याकाळी आपणहून म्हणाले, "दिलं ते दिलं." आणि पुन्हा त्यावर कधी बोलले नाहीत. पावसाळा संपता संपता गेले.

त्या माइकवर कोण बोलले, आमचे हे की त्यांचा आजार, हे मी स्वतःला विचारून थकले. शुद्धीवर नसलेल्या माणसाची इच्छा कायदा मानत नाही. पण इतके स्वच्छ वाक्य ते त्या वर्षात दुसरे बोलले नव्हते.

तेराव्यानंतर उमाकांत आले. मी सरळ विचारले, "त्यांना खुर्चीत का बसवत होता?"

ते म्हणाले, "पहिल्या दिवशी उठवायचा धीर झाला नाही, वहिनी. नंतर... भांडण ते विसरले, मी नाही विसरलो. एकट्याने भांडण कसं चालवायचं?"

"म्हणजे दया केलीत?"

"माहीत नाही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला की मला बरं वाटायचं."

हे उत्तर मी श्रीविद्याला सांगितले. ती रडली, आणि मग म्हणाली, "तरी अप्पांनी दिला म्हणून हॉल देऊ नकोस. उमाकांतमामांनी नाकारला म्हणून ठेवूही नकोस. तुला काय हवंय? तुला कुणी विचारलंच नाही."

खरेच कोणी विचारले नव्हते. इतकी वर्षे प्रत्येक सभेची कॉफी मी केली, प्रत्येक जेवणाचे मीठ मी चाखले, आणि मी क्लबाची सभासदही नव्हते. उमाकांतांना हे सांगितले तेव्हा ते ओशाळले. मागच्या महिन्यात मी सभासद झाले. पहिल्या सभेत रक्तदानाचा बॅनर तमिळमध्ये असावा की इंग्रजीत, यावर सगळा वेळ गेला. मला कंटाळा आला. मग मीच म्हटले, "सुई टोचताना बॅनर कोण वाचतो?" सगळे हसले, आणि मला शिबिराची प्रमुख करून टाकले. मी आनंदले की अडकले, अजून कळलेले नाही.

तरी लिहिते. पुढचा हॉल व सांबाराचे पातेले माझ्या पश्चात क्लबाला द्यावे. श्रीविद्याची याला संमती आहे. सेतुमाधवरावांची अखेरची इच्छा वगैरे कोणी भाषणात म्हणू नये, कारण ती होती की नाही हे मला माहीत नाही. हॉल माझा होता आणि मी दिला. दारावर पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर एकच नाव असावे, कनका.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. उमाकांतांनी शुद्धलेखन तपासायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटले.

सही: कनका

साक्षीदार, ज्यांनी एकमेकांसमोर व माझ्यासमोर सह्या केल्या:
१. डॉ. सहाना, मैलापूर
२. गुंडोराव, शेजारी, निवृत्त रेल्वे कर्मचारी

ठिकाण: मैलापूर, चेन्नई
दिनांक: २० सप्टेंबर २०२५