ओळीतली तिसरी बंडी

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होतील आणि मी अजून तुमच्यावर रागावलेलाच आहे. काल माझ्या मुलानं लोणारला निघालेल्या काफिल्यात आपली बैलबंडी घातली. मला विचारलंही नाही. मी इतका भडकलो की सून चुलीपुढून उठून गेली. पोरगा म्हणाला, "एवढं काय झालं? आजानं बी तं नेलं होतं तुमाले." नेलं होतं, म्हणूनच लिहायला बसलो.

ते कापसाचं साल होतं. समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली आणि आपल्या दर्यापूरच्या काळ्या रानातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. तोवर आपण कुठंही एकटेच जायचो. एक बंडी, दोन घोंगडी. चिंचेची सावली दिसली की बैल सोडायचे, ज्याच्या विहिरीवर पाणी प्यायलो त्याच्याशी घटकाभर बोलायचं, वाटलं तर त्याच्याच ओसरीवर मुक्काम. पातूरची लेणी तुम्ही मला अशीच दाखवलीत, वाट चुकून. पण हातात पैसा खुळखुळायला लागला आणि एकट्यानं जाणं तुम्हाला भिकारपणाचं वाटू लागलं. वाटेत चोरांची भीती होती, हे कबूल. पण तुम्हाला चोरांच्या भीतीपेक्षा मिरवण्याची हौस जास्त होती.

त्या काफिल्याचा म्होरक्या मला आजही दिसतो. गळ्यात शिंग, डोक्याला केशरी पागोटं, आणि आवाज असा की जणू आम्ही त्याची गुरं. त्यानं शिंग फुंकलं की उठायचं, फुंकलं की जेवायचं, भाकर अर्धी हातात असली तरी फुंकलं की बैल जुंपायचे. अकोल्यात त्यानं आम्हाला नदीवर नीट अंघोळही करू दिली नाही, पण त्याच्या मेव्हण्याच्या कापडदुकानात अर्धा दिवस बसवून ठेवलं. चाळीस बंड्यांची माणसं एकाच रंगाची उपरणी घेऊन बाहेर पडली. त्यात तुम्हीही होतात. लोणारचं ते एवढं तळं, लोक जन्मभर आठवतात म्हणे. घोंगडं झटकायला लागतो तेवढा वेळ आम्ही त्याच्या काठावर उभे होतो. मग शिंग वाजलं.

पण हे सगळं मी केव्हाच सोडून दिलं असतं. सोडवत नाही ती मायची गोष्ट.

मायला लोणार नको होतं. तिला पातूरच्या अलीकडे तिच्या बहिणीचं गाव होतं तिथं जायचं होतं, रस्त्यापासून कोसभर आत. मावशीनं अंथरूण धरलं आहे, असा सांगावा बाजारातल्या एका गाडीवानानं आणला होता. त्या सुगीत मायनं तुमच्याकडे एकच मागितलं, बहिणीसाठी लुगडं. ते ती वाटभर मांडीवर घेऊन बसली होती.

आणि तुमची बंडी ओळीत तिसरी होती. पहिली म्होरक्याची, दुसरी एका सावकाराची, तिसरी आपली, चौथी माझ्या नव्या सासुरवाडीची. काफिल्याचा कायदाच होता, ओळ मोडून बाहेर गेलं की परत शेपटाला लागायचं आणि पुढच्या सगळ्या बंड्यांची धूळ खायची. त्या तिसऱ्या जागेसाठी तुम्ही म्होरक्याला घरी जेवायला बोलावलं होतंत, ते मी विसरलेलो नाही.

मावशीच्या गावचा फाटा जवळ येतो आहे. तुम्ही कासरा धरून समोर बघता आहात, मी तुमच्या शेजारी आहे. माय मागून म्हणते, "मले इथंच उतरवून द्या. मी पायी जातो, तिले पाहतो, मंग गाठतो तुमाले." तुम्ही म्हणता, "येकटी बाई कुठं जाशीन?" ती म्हणते, "मंग तुमी चाला. कोसभर तं हाय." म्होरक्या मागं वळून ओरडतो, "काफिला कोनासाठी थांबत नाई! येतानी जाऊन या ना, काहून घोर करता?" तुम्हीही तेच म्हणालात, येतानी जाऊ. बैल सरळ गेले. माय त्या बाजूच्या कडुनिंबांकडे मान वळवून बघत राहिली, दिसेनासे होईपर्यंत.

येताना म्होरक्याला कारंज्यात काम निघालं. चाळीस बंड्या वाशीमवरून वळल्या, पातूर लागलंच नाही. घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप आला. मावशी आठवडाभरापूर्वी गेली होती आणि जाण्याआधी तिनं म्हणे दोनदा विचारलं, रस्त्यावरून घुंगरांचा आवाज येतो तो कोणाचा. मायनं लुगडं पेटीत टाकलं. त्यानंतर तुमच्या ताटात ती भाकरी वाढायची, पण तुमच्याकडे बघून बोलायची नाही. ती जाईपर्यंत तसंच चाललं.

आता मी कुठंही माझ्या बंडीनं जातो, पोचायला दोन दिवस जास्त लागले तरी. लोक मला विक्षिप्त म्हणतात. म्हणू देत.

हा कागद मी पोराला दाखवणार नाही. खाली जे लिहितो आहे ते माझ्याच्यानं त्याला सांगवणार नाही.

फाट्यापाशी तुम्ही कासरा आखडला होतात. माझ्याकडे झुकून, मायला ऐकू जाणार नाही असं विचारलंत, "सांग गड्या, वळवू का? तू म्हनशीन तं वळवतो." चौथ्या बंडीत माझे सासरे होते, नवे मेव्हणे होते. मी म्हणालो, "राहू द्या बाबा, लोक हासतीन."

तुम्ही हे मायला कधी सांगितलं नाहीत. मीही नाही. काल पोराला ती गोष्ट सांगितली, तेव्हाही नकार तुमच्याच तोंडी घातला.