रोज रांधता तेच करा

आई, आज चार वाजता तुझ्या नातीच्या सासरची माणसं आपलं घर बघायला येणार आहेत. सासरची म्हणजे अजून व्हायची. मुलगा गुजराती आहे, तिच्याच ऑफिसात काम करतो. त्याला आपलं सगळं माहीत आहे, त्याच्या आईला किती माहीत आहे ते मला ठाऊक नाही. पोरगी म्हणते, "मम्मी, टेन्शन नको घेऊ, मी आहे ना." ती आहे हे खरं, पण सकाळपासून मनात जे चाललंय ते सांगावं असं घरात कुणी नाही. तिचे पप्पा हजीऱ्याच्या कारखान्यातून शिफ्ट करून आलेत आणि आत घोरतायत. म्हणून तुला लिहायला बसले.

परवा मुलाच्या आईचा फोन आला होता. आवाज गोड होता, त्यानंच मी जास्त घाबरले. म्हणाली, "बेन, कंई खास ना करता. रोज जे रांधो छो ए ज करजो." रोज रांधता तेच करा. मी "हा बेन, हा बेन" करत फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले. आपण रोज काय रांधतो हेच तर तिला बघायचं नसेल? की बिचारी खरंच माझे कष्ट वाचवत होती? मला दोन्ही सारखंच ऐकू येतं. हा कान मला तुझ्याकडून मिळालाय.

कतारगामची ती खोली आठवते ना? खाली घरमालकीण बा, वर आपण. खोली देताना तिनं एवढंच विचारलं होतं, "मच्छी-मटन तो नथी खाता ने?" आणि बाबांनी अशी काही मान हलवली की त्यातून होही निघावं आणि नाहीही. डाइंग मिलमध्ये नवं काम लागलेलं, डोक्यावर छप्पर हवं होतं, त्यांचं तरी काय चुकलं. निळ्या कोटातली ती तसबीर तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीस. सकाळी कपाट उघडायचं, हात जोडायचे, पुन्हा लावून टाकायचं. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी ते कपाटात राहतात.

बा मंदिरात गेली की तुझी सुकट निघायची. आधी खिडकी लावायची, मग दाराखाली ओलं फडकं सरकवायचं, मग तवा. आम्ही धुरानं खोकायचो आणि तू डोळे वटारायचीस, कारण खोकलासुद्धा खाली ऐकू जायचा. नंतर उदबत्ती. अंड्याची टरफलं तर कागदात गुंडाळून बाबांच्या डब्याच्या पिशवीतून पार मिलपर्यंत जायची. एवढी काळजी घेऊनही तू एक घास शांतपणे खाल्लेला मला आठवत नाही. तुझं सगळं लक्ष जिन्याकडे.

त्या दिवशी बा लवकर परतते. जिन्यावर तिच्या चपला वाजतात. तू तव्यावर ताट पालथं घालतेस आणि माझ्या तोंडावर हात दाबून धरतेस, हाताला सुकटीचा वास. बा दाराशी येऊन थांबते. तिचा धापा टाकणारा श्वास आत ऐकू येतो. मग म्हणते, "बारी खोल, बेटा. छोकरी गूंगळाई जशे." खिडकी उघड, पोरगी गुदमरेल. आणि सावकाश खाली उतरून जाते.

तू खिडकी उघडली नाहीस. संध्याकाळी बाबा आले तेव्हा भांडी बोचक्यात बांधून तयार होती.

"तिले कळलं," तू म्हणालीस. "तिनं सांगाच्या आदी आपुनच निंगू."

"अवं, ते तं खिडकी उघड म्हणे. खोली खाली कर नाई म्हणे."

"तुमाले नाई समजत त्यायचं बोलणं. गोड बोलूनच काढतेत."

मी मध्येच तोंड घातलं, "बा चांगली हाय." तशी तू माझ्यावर खेकसलीस, "चांगली हाय तोवर चांगली हाय!"

टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा बा दारात उभी होती. "केम जाओ छो? में कंई कह्युं?" का जाताय, मी काही बोलले का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. तू खाली मान घालून "गावले जाऊन राह्यलो" म्हणालीस. गाव कसलं, आपण कोसाडला चाललो होतो, पत्र्याच्या खोलीत. बानं माझ्या हातात सुखडीचा, त्यांच्याकडच्या गूळ-तुपाच्या वड्यांचा, पुडा ठेवला. टेम्पोत तू तो आधी हुंगलास आणि मगच मला दिलास.

तिच्या त्या एका वाक्याचा अर्थ मी अजून लावतेय. ती माया होती की इशारा? तू चुकलीस म्हणायला माझी जीभ उचलत नाही. त्याआधीच्या घरमालकानं आपलं सामान रस्त्यावर काढून ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं, तू पाहिलं होतंस. पण कधीकधी वाटतं, त्या म्हातारीनंही मरेपर्यंत विचार केला असेल, की मी असं काय बोलले.

मी आता साड्यांच्या घड्या घालून पॅक करतात त्या खात्यात सुपरवायझर आहे. हाताखाली ओडिशाच्या, यूपीच्या, इथल्या आणि आपल्याकडच्याही बायका. मध्ये नांदेडकडची एक नवीन बाई आली, डब्याचं झाकण अर्धंच उघडून भिंतीकडे तोंड करून जेवायची. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की जेवताना कुणी कुणाला डब्यात काय आहे ते विचारायचं नाही. सगळ्या ऐकतात माझं. ती बाईही आता गोलात बसते, काय वाट्टेल ते आणते. माझ्या स्वतःच्या डब्यात मात्र इतक्या वर्षांत बटाट्याशिवाय काही गेलेलं नाही. इथल्या बायका हसतात, "बेन, रोज बटाकां ज?" मीही हसते. माझा नियम मलाच लागू पडत नाही.

आणि तुझी नात! तिनं सकाळी ती तसबीर हॉलमध्ये बरोबर दारासमोर लावली. मोठी, काचेची, ताजा हार घालून. मी म्हटलं, "अगं, आजचा दिवस आतल्या खोलीत राहू दे." तर म्हणाली, "मम्मी, बघून परत जाणार असतील तर आजच जाऊ देत. लग्नानंतर नको." ते परत जातील याची मला तेवढी भीती नाही गं. ते थांबतील, गोड बोलतील, आणि पुढे सासरच्या घरात या पोरीला एक कपाट शोधावं लागेल, याची आहे.

डाळ, भाकरी आणि वांग्याची भाजी केली आहे, रोजचीच. सुकट केली नाही. पाहुण्यांना चालत नाही ते त्यांच्या पानात वाढू नये एवढं मलाही कळतं. फक्त हे मी त्यांच्या मानासाठी केलं की धास्तीनं, ते मला सांगता येत नाही. तुला तरी सांगता आलं असतं का?

खाली रिक्षा थांबली वाटतं. हो, जिन्यावर चपला वाजतायत. पोरगी हॉलमधून ओरडतेय, "मम्मी, किचनची खिडकी का लावलीस? किती गुदमरतंय!" हे पत्र आता पोळपाटाखाली सरकवते, तू गेल्यावर टाकायला पत्ता तरी कुठे आहे. एवढं एक ऐक, आणि हसू नकोस. गॅसवर फक्त आलं घातलेला चहा आहे, दुसरं काहीच नाही. आणि तरीही खिडकी लावलेली आहे. ती मी कधी लावली, मला आठवत नाही.