समोरची खुर्ची

प्रिय ठमे,

फोनवर तू 'बरी आहे' एवढंच म्हणतेस आणि मीही 'इकडे सगळं ठीक' म्हणून मोकळी होते, म्हणून हे पत्र. मागच्या सुट्टीत तू आणि तुझ्या पिटुकलीने चार दिवस आधीच बॅगा भरल्या, त्याला आता दहा महिने होतील. त्याबद्दलच लिहायचंय, पण तुझ्या आईला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे.

तर ताजी बातमी अशी की निवृत्त मास्तरीणबाईंनी एक छंद लावून घेतलाय. छत्तीस वर्षं वर्गात काढल्यावर घर नुसतं खायला उठायचं. बाबा म्हणाले, हाताने काहीतरी करायला शीक, फक्त घरात पसारा नको आणि खिशाला चाट नको. मी मातीकाम बघून आले. चाक, भट्टी, सगळंच आवाक्याबाहेर. लाकूड कोरायला बसले तर पहिल्याच दिवशी अंगठा कापला, आणि चमचा म्हणून जे काही तयार झालं त्याने बाबा हल्ली पाठ खाजवतात. शेवटी क्रोशावर गाडी थांबली. एक सुई, एक लोकरीचा गुंडा, झालं सामान.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या दुकानातल्या बाई दर मंगळवारी फुकट शिकवतात. मी ऐटीत काळी लोकर घेऊन गेले. त्यांनी हसून ती बाजूला ठेवली आणि पिवळी दिली. नवशिक्याने फिकट रंगाची, जराशी जाड लोकर घ्यावी म्हणे, म्हणजे टाके दिसतात. माझा पहिला चौकोन त्रिकोण झाला, कारण प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका मी गाळत होते. बाबांनी तो डोक्यावर ठेवून दिवसभर मिरवला.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. बाई डावखुऱ्या. मी शेजारी बसून त्यांचे हात बघायची आणि माझ्या हातात सगळंच उलटं व्हायचं. असे तीन मंगळवार गेले. बाकीच्या बायका भराभर पुढे गेल्या आणि मी गुंता घेऊन बसले. साठी उलटल्यावर वर्गात रडू येणं काय असतं ते मला तेव्हा कळलं, ठमे. मनात रागही आला, की बाई सरळ उजव्या हातात सुई का धरत नाहीत? त्यांनी माझ्याकडे बघितलं, आपली खुर्ची उचलली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. आता त्यांचा डावा हात माझ्या उजव्या हातासमोर, आरशात दिसावा तसा. अर्ध्या तासात मला सरळ ओळ जमली.

मी चालत घरी आले आणि वाटभर तू डोळ्यांसमोर होतीस. सात वर्षांची, डाव्या हातात पेन्सिल घेतलीस म्हणून तो हात मी रुमालाने खुर्चीला बांधलेला. मी त्याला वळण लावणं म्हणायचे. मागच्या सुट्टीत पिटुकलीच्या डाव्या हातातला चमचा काढून मी उजव्या हातात दिला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तिच्या बोटांवर चापट मारली. तू उठून बॅग भरायला घेतलीस. नंतर मी सगळ्यांना सांगत सुटले की आमची लेक नाकावर माशी बसू देत नाही. खोटं होतं ते. चूक माझी होती. मला फक्त खुर्ची उचलायची होती, आणि ते मला छत्तीस वर्षांत सुचलं नाही.

क्रोशाचं मला एक फार आवडलं. चुकलं तर उसवता येतं, लोकर तशीच्या तशी परत मिळते. तुझ्या बाबतीत तसं होणार नाही हे मी जाणून आहे. तरी विचारते, या सुट्टीत याल का? पिटुकली माझ्यासमोर बसेल, सुई तिच्या डाव्या हातात असेल, आणि मी तिच्या हाताला हात लावणार नाही, हा माझा शब्द. सोबत पिवळ्या लोकरीचे दोन गुंडे आणि दोन सुया पाठवते आहे. एक तिची, दुसरी तुझी. ती कोणत्या हातात धरायची ते तू ठरव.

तुझीच, समोर खुर्ची मांडून बसलेली,
आई