नबीलचा चेहरा

१० फेब्रुवारी
नबीलचा पत्ता नाही. तो होता त्या गावावर परवा पुन्हा बाँब पडले. आमची अख्खी डॉक्युमेंटरी त्याच्यावर उभी. यादवी सुरू व्हायच्या आधी बेकरी चालवायचा, आता शेजाऱ्यांना घेऊन ढिगाऱ्यांतून माणसं काढतो. पगारबिगार नाही. एडिटिंगला बसले, पण तो हसताना दिसला की शॉट पुढे ढकलत होते. दिग्दर्शक श्रीधरअण्णा, एरवी इतकं बोलणारे, आज नुसते फोन बघत बसलेले.

१२ फेब्रु.
जिवंत आहे. सीमेपलीकडच्या छावणीतून त्याच्या बहिणीचा फोन. तो तिथे पोचलाय; खांदा निखळलाय, बाकी ठीक. बायको आणि मुलगाही सुखरूप. अण्णा खाली गेले, कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलातून इडल्या घेऊन आले. सकाळपासून खाल्लं नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं. त्यांच्या वाटच्याही खाल्ल्या.
बहीण आणखी एक गोष्ट म्हणाली. चेहरा दाखवू नका. आईवडील अजून त्या गावातच आहेत.

१३ फेब्रु.
भांडण. अण्णा: "परवानगी त्यानेच दिलीय. चेहरा काढला तर उरतंय काय?"
मी: "तेव्हा गाव त्याच्या लोकांच्या ताब्यात होतं. आता विरोधकांच्या; चेहरा ओळखला तर आईवडिलांना धरतील."
"फेस्टिव्हलला पाठवायचंय..."
"तुमचे आईवडील असते तर?"
असं बोलायला नको होतं. ते तडक निघून गेले. सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रडू आलं. काम सुटलं तर सुटलं, पण तो चेहरा माझ्या हातून बाहेर जाणार नाही.

१४ फेब्रु.
इंदिरानगरला स्टुडिओत पोचले तर अण्णा माझ्याआधी हजर. "स्वल्प सरक," त्यांच्या कानडी-मराठीत म्हणाले, शेजारी खुर्ची ओढली आणि पहिल्या शॉटपासून चेहरा काढायला सुरुवात केली. ढिगाऱ्याखालच्या मुलीशी तो बोलत राहतो, तिथे आता फक्त हात. बाहेर आल्यावर काय खाणार, असं विचारतोय. आवाजही बदलला. पाहून झाल्यावर अण्णा: "चालतंय की." किती हलकं वाटलं.

१७ फेब्रु.
व्हिडिओ कॉल. नबील, हात गळ्यात बांधलेला. बहीण इंग्रजीत सांगत होती. बदललेला आवाज ऐकून तो इतका हसला की खांदा धरून बसला. म्हणे, हा तर माझा काका बोलतोय. आम्हीही हसलो, खूप दिवसांनी.
मग म्हणाला, खांदा बरा झाला की आईवडिलांना आणायला परत आत जाणार. मागे बायको मुलाला भरवत होती. तिचा हात थांबला.
कॉल संपल्यावर अण्णा खिडकीशी गेले. मग, "तो गेला तर आपण त्यांना घ्यायला सीमेपर्यंत जायचं काय?"
घरी आल्यावर मी पासपोर्ट शोधून काढला.