थोडी सरकू द्या

४ नोव्हेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप जहाजावर पोचले. तुम्ही पडल्याचं कळल्यापासून जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून तर सुट्टीत घर पक्कं करून आले: न्हाणीघरात दांडी, आणि तुमची खिडकीतली खुर्ची थेट जमिनीला स्क्रूने घट्ट. पुन्हा पडलात, तर घर बंद करून माझ्याकडे यायचं. कुरकुर चालणार नाही.

इकडे माझीच झोप उडालीय. आमची नवी पाइपलाइन समुद्राच्या तळावर नुसती टेकलेली आहे आणि लवकरच प्रवाह जोर धरतील. साहेब म्हणतात, काँक्रीटची वजनं टाकून जखडून टाका. मी अडून बसलेय. वजनांच्या कडेची वाळू प्रवाह उकरून नेतो नि लाइन अधांतरी लटकते. थोडी सरकू दिली, तर हलता हलता स्वतःच वाळूत रुतून बसते. आराखड्यावर सही माझी आहे. चुकले, तर माझं काही खरं नाही.

गोळ्या घ्या, आणि माया पातळ करू नका.
तुमची ठकू

१९ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

खुर्ची भलतीच पक्की झालीय हो! ऊन खिडकीतून सरकतं, मी मात्र तिथेच, सावलीत कुडकुडत. शेजारचे मास्तर ती ओढायला गेले आणि कंबर धरून बसले.

बाई गं, समुद्रातल्या लाइनीला सरकायची मुभा, आणि बापाला जखडून टाकलंस? तुझी आई गेल्यावर या घरात कसाबसा रुळलोय. इथून उचललंस, तर मला करमणार नाही. खरंच सांगतो.

तुझ्या सहीचा घोर मलाही लागलाय. काय होईल ते लगेच कळव.

राग नाही, मायाच आहे. जरा कडक निघाली एवढंच.
बाबा

२२ डिसेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

प्रवाह येऊन गेले. काल कॅमेरा खाली सोडला. लाइन हातभर सरकलीय आणि अर्धी वाळूत रुतून निवांत पडलीय! साहेबांनी स्वतः चहा आणून दिला. मला मात्र तुमचं पत्र आठवून रडूच आलं. माझ्या भीतीपायी तुम्हाला जखडलं, बाबा.

पुढच्या आठवड्यात स्क्रूड्रायव्हर घेऊन येते. घर बंद करायचं नाव काढणार नाही.

तोवर लोभ सांभाळून ठेवा.
ठकू

२८ डिसेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद, आणि शाबास!

स्क्रूड्रायव्हर आणू नकोस. खुर्ची मी कधीच सोडवलीय; उन्हामागे घरभर फिरतो. न्हाणीघरातल्या दांडीला मात्र हात लावायचा नाही. मागच्या महिन्यात पाय सटकला, तेव्हा तिनेच सावरलं. सांगायची छाती होत नव्हती. घर बंद करणार नाहीस म्हणालीस, म्हणून आज लिहिलं.

ये लवकर.
बाबा